पाचव्या पत्राचं राहिलेलं अर्धं

१

पैज अशी ठरली. हरणाऱ्यानं अंगावर घोंगडी घ्यायची, शेणव्याच्या नाक्यावर गुडघे टेकून हत्तीच्या पिल्लासारखं ओणवं व्हायचं आणि जिंकणाऱ्याच्या हातून बाटलीनं दूध प्यायचं. तान्ह्या पोरांची असते ती बाटली, रबरी बुचाची. मधे थांबला तर दुसरी बाटली.

"आणि कान हलवायचे," काळूराम म्हणाला.

"माणसाला कान हलवता येत नाय, काळू."

"मग सुपं बांध दोन बाजूला."

चहाच्या टपरीवरचे सगळे हसले. मीपण हसलो. मला काय, मी शेअर जीपवाला, शेणवा ते मुरबाड. दिवसभर मागं चौदा-चौदा माणसं कोंबून फिरतो आणि त्यांना हसवत नेतो. काळूरामच्या धोतराला कोंबडी मीच बांधली होती. हरेशच्या लग्नाचा बँड भलत्याच गावाला मीच धाडला होता. गावात काहीही वाकडं झालं की पहिलं नाव माझं निघतं, लडकू. दुसरं नाव निघेपर्यंत माझा निम्मा मार खाऊन झालेला असतो.

पण या खेपेला नाव निघालं गोमाचं. गोमा आमचा पोस्टमन. एकोणीस वर्षं सायकलवर टपाल वाटतोय. आणि आता चार पत्रं गायब होती.

पत्रं होती मेघाची, नथूदादाच्या पोरीची. मागच्या वैशाखात ती आफ्रिकेत गेली, झांबिया देशात. तिथं नदीकाठी एक तळ आहे. शिकाऱ्यांनी आई मारलेली हत्तीची पिल्लं तिथं आणतात आणि वाढवतात. मुंबईच्या कुठल्या संस्थेनं विमानाचं तिकीट काढून दिलं, एक वर्ष राहायचं, पगार नाही.

"वॉलंटियर म्हणतात त्याला," कल्याणला नोकरी करणारा हरेश सगळ्यांना सांगत होता.

"म्हंजी फुकट हत्तीचं शेण काढायला इमानानं गेली?" काळूराम म्हणाला होता. "आमच्या गोठ्यात काय कमी शेण व्हतं?"

दर महिन्याला पत्र यायचं. ज्येष्ठापासून पाच आली. दिवाळीनंतर एकही नाही. नथूदादा म्हणायचा, आलंच नाय. गोमा म्हणायचा, मी त्यांच्या हातात दिलं. हरेशनं नथूदादाच्या नावानं अर्ज टाईप केला, अंगठा नाही, चांगली सही घेतली. सोमवारी वरचा साहेब चौकशीला येणार होता. नथूदादाचा शब्द एका बाजूला, गोमाचा दुसऱ्या. गोमाची नोकरी जाणार हे शेंबड्या पोरालाही कळत होतं.

"गोम्यानंच मारलीत," काळूराम म्हणाला. "परदेशी पाकीट बघून वाटलं असंल, आत डॉलर."

"गोमा नाय," मी म्हणालो. "रविवारच्या आत खरा चोर काढून दाखवतो."

तिथं ही पैज लागली. बुधवार होता. हातात चार दिवस.

२

नथूदादाचं घर बौद्धवाडीच्या टोकाला, काळूरामच्या परसाला लागून. ओट्यावर सातआठ माणसं बसली होती. कुणी केळी आणली होती, कुणी सुकट. घरात वाईट झालं की आमच्याकडं माणूस रिकाम्या हातानं येत नाही. पत्रं गेल्याचंही असंच झालं होतं, दुखवट्यासारखं.

"ये लडकू," नथूदादा म्हणाला. "बस. च्या घे."

पांढरा सदरा, वर बटण लावलेलं. रेल्वेत गँगमन होता आटगावला, रिटायर होऊन सहा वर्षं झाली. त्याची बायको, शालनवयनी, जाऊन तीन. पोरगी परदेशी. चूल, भांडी, झाडू सगळं त्याच्याच अंगावर. ओटा धुळीनं पांढरा पडला होता. वयनी होती तेव्हा या ओट्यावर सांडलेलं वरण चाटावं असं सारवण असायचं. ती गेल्यापासून या घराला शेणाचा हात लागला नव्हता.

"घर नीट बघितलंत?" मी विचारलं. "पडलं असंल कुठं."

"अरे, सगळं उलथं केलं," काळूरामची बायको सकुबाई म्हणाली. "ट्रंक बघितली, पिठाचा डबा बघितला. तसबिरीच्या मागंसुदा बघितलं."

मीपण आत जाऊन नजर फिरवली. चूल. दोरीवर एकच टॉवेल. कोपऱ्यात बियाण्याच्या भाताची कणगी, बांबूची, वर झाकण शेणानं लिंपून बंद. ती कुणी उघडली नव्हती. उघडणारही नाही. दुसऱ्याच्या बियाण्याला पेरणीआधी हात लावत नाहीत, मग तो सख्खा भाऊ का असेना.

बाहेर आलो तर नथूदादा माणसांना हत्तीची गोष्ट सांगत होता. मेघानं एका पिल्लाचं नाव लडकू ठेवलंय. माझ्यावरून. तिसऱ्या पत्रात लिहिलं होतं, हा पण सगळ्यांच्या खोड्या काढतो.

"लय वांड झालाय," नथूदादा हसत म्हणाला. "आता तर सोंडेत पाणी घेतो नि मेघाच्याच अंगावर उडवतो."

सगळे हसले. माझ्याकडं बघून जरा जास्तच.

निघताना मी म्हणालो, "दादा, आलेली पाच पत्रं देतोस? बघतो काय सापडतंय."

त्यानं पत्रं दिली. पण सोडायला वेळ लावला. दोन बोटांनी पाकीट धरून ठेवलं, मी ओढेपर्यंत.

३

गोमा मला शाळेच्या मागं भेटला. सायकल आडवी टाकून बसला होता.

"लडकूभाऊ, तुमी पण विचारायला आलात?"

"विचारायला नाय. ऐकायला."

"चारही मी हातात दिली. कार्तिकात एक, मग दर महिन्याला एक. ते घ्यायचे आणि सदऱ्याच्या आत घालायचे. मला वाटलं, जपून ठेवतात."

"मग तो नाय का म्हणतो?"

गोमानं गवताची काडी मोडली. "मला काय म्हायती. एकोणीस वर्षांत मी कुणाचं पोस्टकार्डसुदा उलटं करून वाचलं नाय. घरी तोंड दाखवायला लाज वाटते. पोरगी विचारते, बाबा तुमी घेतलीत का?"

मी त्याची सायकल उचलून स्टँडला लावली.

हरेश संध्याकाळच्या गाडीनं आटगावला उतरला. त्याच्यासाठी मी मुद्दाम जीप तिकडं नेली होती. त्याला पुढच्या सीटवर घेतलं.

"अर्ज तू टाईप केलास?"

"केला ना काका. नथूकाका तर करतच नव्हते. म्हणत होते, जाऊ दे, येतील पत्रं. मी बोललो, ऐसा नाय चलेगा. फॉलोअप पायजे."

"आणि गोमा गेला तर त्या जागी कोण?"

तो खिडकीबाहेर बघायला लागला. "माझा मेव्हणा दहावी पास हाय. पण त्याचा यात काय संबंध नाय, काका."

"नसेलच," मी म्हणालो आणि खड्ड्यात गाडी मुद्दाम घातली.

सकुबाईकडं गेलो ते उगाच. ती गोठ्यात शेण भरत होती.

"वयनी, पत्रं तुमी चुलीत घातलीत म्हणे. पेटवण म्हणून."

"मुडद्या!" तिनं शेणाचा हात उगारला. "माझ्या घरात काय शेण्या संपल्या? नथूभावजींनाच विचारा. तेच माझ्याकडून शेण नेतात."

"कधी?"

"महिन्या-दीडमहिन्यानं एकदा. मूठभर. केळीच्या पानावर." तिनं शेणाची पाटी कमरेला लावली. "मी म्हटलं, भावजी, मुठीत काय सारवणार? तर म्हणाले, पुरतं गो मला. एकट्या माणसाला किती लागतं."

मी हसत हसत जीपपर्यंत आलो. स्टार्टर मारला आणि हसू गेलं. ज्या घराला तीन वर्षं शेणाचा हात लागला नाही, त्या घरात मूठभर शेण जातं कुठं?

४

माझं घर नाक्यापासून लांब नाही. बायको पोरांबरोबर डोंबिवलीला राहते, नातवंडांच्या शाळेसाठी. मी सणाला जातो. घरी आलं की रेडिओ लावायचा, नाहीतर कानात जीपचा आवाज येत राहतो.

मी पत्रं घेऊन बसलो. पहिलं पत्र. ते वाचलं तेव्हा मी अंगणात होतो. तीसेक माणसं होती. नथूदादा उभा राहून वाचत होता, शाळेत धडा वाचतात तसा. पाकिटावरच्या जिराफाच्या तिकिटासाठी पोरांची मारामारी. दुसऱ्याला वीसेक. तिसऱ्याला, माझं नाव हत्तीला ठेवलं म्हणून, पुन्हा गर्दी. चौथ्याला चारपाच.

पाचव्याला मी एकटा होतो.

तेही अर्धंच ऐकलेलं. नाक्यावर नऊ सवाऱ्या खोळंबल्या होत्या, कुणीतरी हॉर्न वाजवत होतं. म्हटलं, "दादा, जीप हाय, नंतर ऐकतो." नंतर दिवाळी आली. नंतरचं राहिलंच.

आता वाचलं. पहिल्या अर्ध्यात मेघानं लिहिलं होतं, "लडकूला सोंडेचं काय करायचं तेच अजून कळत नाही. स्वतःच्याच सोंडेवर पाय देतो आणि पडतो. पाणी तोंडानं पितो, वासरासारखा."

मी दोनदा वाचलं. हे शेवटचं पत्र. यानंतर काही आलंच नाही म्हणतात. मग सोंडेत पाणी घेऊन उडवतो हे नथूदादाला कोण सांगून गेलं?

पत्र उलटलं. राहिलेलं अर्धं मागच्या बाजूला होतं.

"बाबा, इथं पहिल्या दिवशी मला वाटलं पिल्लं भुकेनं मरतात. तसं नाही. दूध मिळालं तरी मरतात. एकटी राहिली की दूध सोडतात. म्हणून सतत कुणीतरी जवळ बसायचं, झोपायचं पण त्यांच्यापाशीच, अंगावर घोंगडी घालून. पण माणूस रोज बदलतात. एकाच माणसाची सवय लागली आणि तो गेला, तर पिल्लू पुन्हा खाणं सोडतं. म्हणून पाळ्या आहेत. मला मात्र पाळी नाही, बाबा. माझ्या खोलीत मी एकटीच. तुम्ही कसे आहात? अंगण भरतं ना अजून?"

मी रेडिओ बंद केला.

आता मला चोर माहीत होता. पुरावा नव्हता. पण मी चोर कसे पकडतो? खोडी काढून. सकाळी मुरबाडला लाल-निळ्या कडांचं विमानी पाकीट घेतलं, आत एक चिठ्ठी घातली, वर नथूदादाचं नाव कोंबड्याच्या पायासारख्या अक्षरात लिहिलं आणि पेटीत टाकलं.

५

शनिवारी ऊन डोक्यावर आलं तेव्हा मी जीप पिंपळाखाली लावून आत आडवा पडलो होतो. काचेतून ओटा दिसत होता. आज माणसं नव्हती. नवी बातमी जुनी व्हायला शेणव्यात आठवडा लागतो.

गोमा आला. सायकल स्टँडला लावली. माझंच पाकीट काढलं आणि दोन्ही हातांनी नथूदादाच्या हातात दिलं. गेला.

नथूदादानं पाकीट बघितलं. लाल-निळी कड. चेहरा असा उजळला की मला माझीच लाज वाटली. फोडायला गेला, तेवढ्यात वाडीच्या तोंडाशी हरेश दिसला. शनिवारी त्याला सुट्टी असते. पाकीट सदऱ्याच्या आत गेलं.

"काय काका? आज काय आलं?"

"नाय रे बाबा," नथूदादा म्हणाला. "हात हलवत आला, हात हलवत गेला."

हरेशनं च्यक केलं आणि पुढं गेला. मी जीपचं दार उघडलं. घरात शिरलो तेव्हा नथूदादा कणगीपाशी उभा होता. पाकीट फोडलेलं. हातात माझी चिठ्ठी. तिच्यावर एवढंच होतं: "दादा, मी दारात उभा हाय. या खेपेला कणगीचं झाकण मी सारवून देतो. लडकू."

त्यानं वर बघितलं. मी दारात उभा होतो.

मी झाकणाला हात लावला. कार्तिकात लिंपलेलं शेण फाल्गुनात दगड होतं, त्याला भेगा पडतात. हे हिरवट होतं, नखानं निघत होतं. बियाण्याची कणगी कुणी उघडत नाही हे त्याला ठाऊक होतं. पण बंद केली की सारवायचीच, हेही अंगात भिनलेलं. झाकण नुसतं ठेवून दिलं असतं तर मला आयुष्यात कळलं नसतं.

"काढ," तो म्हणाला.

भातात चार पाकिटं होती. तिकिटांवर जिराफ, मासा, दोन पक्षी.

"मी वाचलीत," तो म्हणाला. "एकट्यानं. भिंतीला वाचून दाखवायचं तरी किती? कार्तिकात पत्र आलं तेव्हा बसलो इथं ओट्यावर. सांजपर्यंत. कुणी इचारलं नाय. दुसऱ्या दिवशी सकू म्हणाली, पत्र नाय आलं का वो? मी नाय म्हणालो. लडकू, संध्याकाळी सहा माणसं आली."

तो खाली बसला.

"मग दर महिन्याला. मी कुणाचं वाईट केलं नाय रे. मला वाटलं, पत्र हरवलं तर हरवलं. गोमाचं नाव येईल असं डोक्यातपण नाय आलं. हरेशनं कागद पुढं केला, ओटा भरलेला, सगळे बघत होते. आता कुठल्या तोंडानं सांगू? मेघा येईल वैशाखात. तिला कळलं तर?"

"मला का नाय बोलवलंस?"

"बोलवलं होतं की," नथूदादा म्हणाला. ओरडला नाही. "पाचव्याला तू एकटाच आलास. अर्ध्यात उठलास."

बाहेर काळूरामचा आवाज आला. "लडक्या! उद्या रविवार हाय! बाटली आणली मी!"

६

"पैज इथं फेडायची," मी सांगितलं. "नाक्यावर नाय. नथूदादाच्या अंगणात. चोर इथंच दाखवतो."

असं म्हटल्यावर कोण घरी राहतंय? रविवारी सकाळी अंगण भरलं, कुंपणावर पोरं. काळूराम बाटली हलवत होता. हरेश अर्जाची कार्बन कॉपी घेऊन. गोमा मागं, सायकल धरून. नथूदादा ओट्यावर, मान खाली. त्याला मी एवढंच सांगितलं होतं, काय वाट्टेल ते झालं तरी गप बस.

मी सदऱ्यातून चार पाकिटं काढली आणि ओट्यावर मांडली.

"मीच घेतली," मी म्हणालो. "गंमत म्हणून."

पहिली झाडू सकुबाईची बसली. मग काळूरामच्या शिव्या, त्यात माझे आजोबापण आले. कुणाला नवल वाटलं नाही, हे मला जरा लागलंच. एवढ्या वर्षांची कमाई.

"चोरच पैज लावतो?" काळूराम म्हणाला. "पकडून दाखवतो म्हणे! पैज हरलास तू!"

"थांबा, थांबा," हरेश पुढं आला. कल्याणला रोज जाणारा माणूस, त्याचं डोकं चालतं. "गोमा म्हणतोय हातात दिली. हातात दिली तर यानं कुठून घेतली? गोमा, खरं सांग. हातात दिलीस का नाय?"

सगळ्यांच्या माना गोमाकडं वळल्या.

हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. गोमाला ठाऊक होतं. तो एकटाच या अंगणात असा होता, ज्याला माझं खोटं जागच्या जागी कळलं होतं. त्याच्या एका शब्दानं तो स्वच्छ सुटणार होता. एकोणीस वर्षं, घरची पोरगी, सगळं.

गोमानं माझ्याकडं बघितलं. मग ओट्यावर. नथूदादानं हात सदऱ्यावर धरला होता, पत्रं घालायचा तिथंच. गोमा बघतच राहिला. पोस्टमनला बरोबर कळतं, कोण पत्राची वाट बघतं आणि कोण पोस्टमनची.

"हातात नाय दिली," तो म्हणाला. "घाई व्हती. ओट्यावर ठेवून जायचो. लाजेनं खोटं बोललो."

नथूदादानं मान वर केली. उठला. हरेशच्या हातातून कागद घेतला, मागच्या बाजूला स्वतःच्या हातानं लिहिलं: पत्रं मिळाली, टपालवाल्याचा दोष नाही, तक्रार मागे घेतली. सही केली. आणि कागद हरेशला न देता गोमाच्या खिशात घातला. खिशावर हात तसाच ठेवला, जरा वेळ.

"चल रे हत्ती!" काळूराम ओरडला.

घोंगडी आली. सुपं आली, दोन्ही कानांवर सुतळीनं बांधली. मी ओणवा झालो. गुडघ्याला खडे टोचत होते. पोरं कुंपणावरून पडायची राहिली. काळूरामनं बाटली माझ्या तोंडात कोंबली. दूध म्हशीचं, ऊन ऊन, आणि त्या बुचाचं भोक टाचणीएवढं.

चार घोट झाले असतील. नथूदादा ओट्यावरून उतरला आणि काळूरामच्या हातातून बाटली घेतली.

"दे इकडं," तो म्हणाला. "रोज एकच माणूस नको. पिल्लाला वाईट सवय लागते."

लोक हसले. त्यांना वाटलं, दादानं चेष्टा केली. त्यानं एका हातानं माझी घोंगडी सारखी केली, तिथंच दगडावर बसला, डाव्या हातात बाटली धरली आणि उजव्या हातानं पहिलं पाकीट उचललं, कार्तिकातलं.

"वाचू?" त्यानं अंगणाला विचारलं.

"वाच ना दादा," सकुबाई म्हणाली आणि पदर खोचून खाली बसली. तिच्यामागं बाकीचेपण.

तो वाचायला लागला, शाळेतल्यासारखा. "प्रिय बाबा, आज लडकूनं पहिल्यांदा सोंडेत पाणी घेतलं..."

नाक्यावरून हॉर्न वाजला. सवाऱ्या खोळंबल्या होत्या. "लडकूशेट! मुरबाड! ओ लडकूशेट!"

बाटलीत अजून निम्मं दूध होतं आणि पत्राची चार पानं. मी तिथंच ओणवा राहिलो. फक्त सुपं हलवली.